पावशेर चिन्नोर

मे महिन्यात आमच्या नागपुरात
इन्क्युबेटरच्या बाहेरच जास्त उकडतं.
आत सदतीस लागतं, खोलीत पंखा फिरून त्रेचाळीस.
कंपनीने यंत्राला तापायला शिकवलं,
निवायला शिकवलं नाही.
मग खिडकीला वाळ्याचा पडदा,
खाली ओली पोती, कुलरमध्ये रात्री दोनदा पाणी.
उईके मामा बादली ठेवून म्हणतात,
"मॅडम, येवढं त आपल्या पोरायसाठी नाई केलं."

नळीत अंड्याचा तिरका थर,
वर सीरम, आणि चिमूटभर तांदळाचं पीठ.
दर अठ्ठेचाळीस तासांनी नवी नळी, नवं पीठ.
उशीर झाला की अमिबा आक्रसतात,
गोल होऊन बसतात रुसल्यासारखे,
आणि मग मरतात.
त्यांना रविवार नाही. मलाही नव्हता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात अडकले.
पुढे पिवळी मारबत, मागून काळी,
अख्खं शहर घसा फोडून सांगत होतं
रोगराई गावाबाहेर ने म्हणून.
माझ्या स्कूटीच्या डिक्कीत
इतवारीतून घेतलेला पावशेर चिन्नोर,
रोगराईच्या जेवणाचा.
कुणीतरी कपाळाला गुलाल लावला.
मी हॉर्न वाजवत राहिले.

नळीवर लिहिलेलं असायचं: एन-सतरा.
माणसाचं नाव डोमाजी कुंभलकर,
तुमसरच्या राइस मिलमध्ये हमाल,
मेडिकलच्या वॉर्डात तीन आठवडे रक्ताची आव.
बरा होऊन गेला.
चार वर्षांनी कसल्याशा दाखल्यावर शिक्का मारायला आला
आणि दारातून विचारलं,
"माह्यातून काढलं होतं ते हाये का अजून?"

बसवलं त्याला मायक्रोस्कोपपाशी.
आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या.
मग, "सरकते वो!"
सरकत होतं खरंच,
हात नसताना हात पुढे काढून,
पिठाच्या कणाला वळसा घालत,
पोटात काळे काळे दाणे घेऊन.

"हे मीच म्हना ना?"
"तुमच्यातलं. पार नातवांच्या नातवांपलीकडचं."
"अन् खाते काय?"
"तांदूळ. चिन्नोर."

डोमाजीने डोळा काढला नाही भिंगावरून.
मानेवर पोत्यांनी पाडलेला घट्टा,
त्यावर घाम.
"मिलमंदी आमाले कनी भेटे, बाई,
तेबी मुकादम खुश असन तं.
याले चिन्नोर?"
आणि हसायला लागला, इतका
की उईके मामा बघायला आले.
मला हसू आलं ते रात्री,
घरी ताट वाढताना, आणि मग राहिलं.

यंदा जूनमध्ये कागद आला.
प्रकल्पाची मुदत संपली, नळ्या नष्ट कराव्यात.
एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
ऑटोक्लेव्हने वाफ सोडली
तेव्हा सगळ्या खोलीत
भात शिजल्याचा वास आला.
रजिस्टरवर सही केली, तारीख घातली.

डोमाजीला कळवावं का?
पत्रात लिहू तरी काय,
तुमच्याकडचे गेले, असं?

अजून दोन दिवसांआड रात्री जाग येते.
उठून कुलरमधलं पाणी बघते.
डब्यात तो पावशेर तसाच आहे.
सासूबाई म्हणतात, किडे होतील,
टाक एकदाचा शिजत.
हो म्हणते,
आणि झाकण लावते.