डावं-उजवं

पगाराचा डेटाबेस शनिवारी रात्री हलवतात,
म्हणजे कुणाचं काही अडत नाही.
टालिनमध्ये उणे चौदा होतं
आणि तिसऱ्या मजल्यावर मी एकटी,
पायात घरून आणलेले लोकरीचे मोजे.

डावीकडे जुना तक्ता. उजवीकडे नवा.
काम एवढंच,
ओळीला ओळ मिळते का बघायचं,
एक सेंटही इकडचा तिकडे होता कामा नये.
नावं झाकलेली असतात, नुसते क्रमांक.
पण पहिले शंभर क्रमांक मीच वाटलेत,
कंपनी बेकरीच्या वर दोन खोल्यांत होती तेव्हा,
त्यामुळे मला त्यांचे चेहरे दिसतात.

सात म्हणजे मी.
एकसष्ट म्हणजे आइनार.
पहिला आठवडाभर त्याला शेजारी बसवून घेतलं होतं,
चालू डेटाबेसला हात लावण्याआधी
दोनदा श्वास घे, असं शिकवलं होतं.
अजून घेतो. गुणी आहे पोरगा.
एकसष्टला साताहून
सहाशे वीस युरो जास्त. दरमहा.

मी आधी चूकच शोधली.
एवढ्या वर्षांची खोड :
आकडा खटकला की पहिला संशय स्वतःच्या क्वेरीवर.
भत्ता दोनदा धरला का मी?
मग तेवीस पाहिला, मग अठ्ठ्याऐंशी,
मग मेर्ले, जिचा क्रमांक सांगणार नाही.
तिला मुलगा झाला त्या वर्षीची वाढ
त्या रकान्यात अजून रिकामी आहे.
शून्य नाही, रिकामी.
दोन्हींत फरक असतो,
हे आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो.

पाहिलेलं बोलायचं नाही, या कागदावर माझी सही आहे.
कागद चुकीचा नाही.
पण सही हाताने केली होती,
डोळ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आई नार्वाच्या गिरणीत रिळं मोजायची.
तिच्या खात्यात पगाराची यादी दाराला चिकटवलेली असे.
भांडणं व्हायची, म्हणायची,
पण उघड्यावर.

मागच्या शरदात मी वाढ मागायला गेले होते.
बाजारभाव आहे हा, पिरेत, उर्मास म्हणाला,
आणि मी मान डोलावली.
बाजारात बटाटे घेताना
मी कधी अशी मान डोलावत नाही.

पावणेतीनला तपासणी संपली.
हिरव्या अक्षरांत आलं :
ओळी चारशे बारा, फरक शून्य.
कुठेही डावं-उजवं झालेलं नाही.
जे जसं होतं ते तसंच्या तसं
नव्या घरी सुखरूप पोचलं,
एक ओरखडा नाही.
मी दिवे मालवले. परत लावले.
ते हिरवं वाक्य पुन्हा वाचलं.

ट्राम बंद झालेल्या. चालत आले.
बर्फावर माझ्याच बुटांचा आवाज,
सहाशे वीस, सहाशे वीस,
मग कंटाळून नुसता करकर.

सोमवारी उर्मासने विचारलं,
सगळं जुळलं ना?
जुळलं, म्हटलं.
त्याने हसून अंगठा दाखवला.
मी गेले नाही. खुर्ची ओढून बसले.
फक्त सात नंबरचं बोलायचंय, म्हटलं,
बाकीचे आपापलं बोलतील.
तो दार लावायला उठला.
राहू दे उघडं.

आणि दोनदा श्वास घेतला.