रेतीची पेटी

ऑफिसात आम्ही त्याला सँडबॉक्स म्हणतो.
बाबांना सांगताना मी म्हटलं, रेतीची पेटी.
ॲप आत बसतं, बाहेरचं त्याला काही दिसत नाही.
ते हसले.
कळव्याच्या खाडीत बावीस वर्षं डुबी मारून
रेती काढलेला माणूस.
"रेती कदी कोनाचे पेटीन ऱ्हायली गो?"

त्यांचे दोन्ही पडदे खाडीतच गेले.
डावा आधी,
उजवा माझ्या बारावीच्या वर्षी.
आता कानांमागे शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं,
आणि त्यांचा आवाज कमीजास्त करायला
मी लिहिलेलं ॲप.

पहिल्या खेपेला मी सगळंच मागितलं होतं,
आसपासची झाडून सगळी उपकरणं
आणि वर माणसाचा ठावठिकाणा.
धनावडे सर म्हणाले, मागून ठेव,
लोक 'परवानगी द्या' दाबतात, वाचतंय कोण.
खरं होतं ते.
घरी तपासायला बसले तर अख्खी बिल्डिंग
माझ्या ॲपपुढे उघडी:
दुसऱ्या मजल्यावरचा स्पीकर,
कुणाचं तरी साखर मोजायचं यंत्र,
आणि स्वप्नालीचं घड्याळ, जे रात्री साडेअकरानंतर
तिच्या घरात नसायचं.
मला नको होतं हे कळायला.

मग खोडलं. तीन आठवडे गेले.
आता ॲप फक्त विनंती करतं,
शोधतो फोन,
आणि यादी उघडते ती बाबांच्या डोळ्यांपुढे,
ॲपच्या नाही.
ज्या नावावर ते बोट ठेवतील
तेवढंच त्याला मिळतं. बाकीची बिल्डिंग अंधारात.

हे सगळं मी जरा जोरात सांगितलं,
कारण यंत्रं तेव्हा चार्जिंगला होती.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, होडीतून बांबू रोवतात तळाला.
बांबू धरून उतरायचं, बालदी भरायची, वर.
बांबू सोडून चाचपत गेलास
तर गढुळात दुसऱ्याच्या होडीखाली निघशील,
न् तो मानूस तुला वलखीत नाय.

पुढं पंप आले.
पंपाला बांबू लागत नव्हता.
रेती, शिंपल्या, कालवं, खेकड्यांची पिल्लं,
तळच ओढून घ्यायचा.
डुबीवाले घरी बसले.

"तुझा साहेब पंपवाला हाय,"
बाबा म्हणाले, आणि चहा मागितला.

यादीत त्यांनी स्वतःच दिलेली नावं होती,
डावा, उजवा.
त्यांनी उजवा निवडला. डाव्यात तसंही काही उरलेलं नाही.
फ्रिजचा आवाज येतोय म्हणाले,
एवढा मोठा असतो होय?

रात्री झोपण्याआधी
दिलेली परवानगी ते काढून घेतात, रोज.
मी सांगते, गरज नाही त्याची.
काम झालं का बांबू उपटायचा, म्हणतात.

सकाळी ॲप पुन्हा विचारतं.
चष्मा सापडेपर्यंत
त्याला थांबावं लागतं.