लाट, पुन्हा

मंगळवारी सातला, स्पॉल्डिंगच्या लायब्ररीत, वरच्या खोलीत,
थर्लबीसर शब्द सोलतात, कोबी सोलावा तसा.
बाहेरचं पान उपसर्ग, मागचं प्रत्यय.
उरलेला दांडा चिमटीत धरून म्हणतात,
‘हे मूळ. हे पेरा, वर्षभर खाल.’
(कोबीचा दांडा कुणी पेरत नाही.
आम्ही नऊ जण दिवसभर कोबीच कापतो, आम्हाला ठाऊक आहे.
पण कुणी बोलत नाही. चहा त्यांच्याकडून असतो.)

पहिल्या आठवड्यात हात. मानुस.
आमच्या शेडमध्ये पिवळी पाटी आहे: मॅन्युअल हँडलिंग.
सर खूश झाले. ‘बघा, एका पाटीवर दोन हात,
एक रोमचा, एक इथला.’
‘आणि तिसरा लिथुआनियाचा,’ व्हिटेनिस म्हणाला,
‘खोकी तो उचलतो.’
शेणखताच्या इंग्रजी शब्दातही हातच निघाला:
मॅन्युअर, म्हणजे पूर्वी, हातानं जमीन कसणं.
त्या रात्री नखांतली माती काढताना
मी जरा हळू काढली.

वर्गात मात्र मी गप्प होते.
आमच्या घरी हाताला मूना म्हणतात.
सर जिला मेलेली भाषा म्हणतात
तिच्याच कुठल्याशा नातीच्या तोंडून
आई मला जेवायला हाक मारायची.
हे कसं सांगायचं, तेही इंग्रजीत?

मग पोर्ट. वाहून नेणं.
इम्पोर्ट, आत. एक्स्पोर्ट, बाहेर.
सपोर्ट: खालून खांदा देणं.
तिमोरच्या अदेलिनोनं विचारलं, ‘आणि डिपोर्ट?’
सरांनी मार्करचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.
‘डी म्हणजे दूर,’ म्हणाले. बस, एवढंच.

मार्चमध्ये पाकीट आलं.
नवं यंत्र येणार होतं, कॅमेऱ्याच्या डोळ्याचं,
कोबी बघून कापणारं. आम्ही चौदा जण रिडंडंट.
ऑफिसातली बाई तो शब्द सावकाश उच्चारत होती,
बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी.
मी पाकीट वर्गात नेलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग फळ्यावर फोड केली:
रे, पुन्हा. उंदा, लाट.
मध्ये एक द, दोन स्वर एकमेकांवर आपटू नयेत म्हणून.
‘काठावरून ओसंडणारं पाणी. लागतं त्याहून जास्त.
माफ कर, स्मारांदा.
शब्दाला बिचाऱ्याला माहीत नव्हतं, त्याचा वापर कशासाठी होणार.’

उंदा!
ब्रायलात, पडदे ओढून, रजईत रेडिओ घेऊन
बाबा ऐकायचे: उंदे स्कुर्ते, लघुलहरी.
परक्या देशातला कुणीतरी आमच्या भाषेत बोलायचा.
आवाज यायचा, खरखरीत बुडायचा,
बाबा श्वास धरून काटा केसभर सरकवायचे,
आणि यायचा. पुन्हा.
ते ऐकणं जास्तीचं होतं का?
शेजारी कळलं असतं तर तुरुंग होता.

सर लिहीतच होते. त्याच लाटेतून दुसरा शब्द:
अबंडंट. भरभरून.
‘सख्ख्या बहिणी,’ म्हणाले,
‘लग्न वेगवेगळ्या घरी झालं.’
अदेलिनो हसला. मीही, थोडं उशिरानं.

जॉब सेंटरच्या फॉर्मवर रकाना होता:
आधीची नोकरी सुटण्याचं कारण.
मी एका दमात लिहिलं, दोन डी, दोन एन, न खोडता.
काउंटरवरच्या मुलीनं चूक सापडेल म्हणून दोनदा वाचलं,
मग शिक्का मारला.

पुढच्या मंगळवारी रुप्त आहे. तुटलेलं.
इंटरप्ट, करप्ट, बँकरप्ट, मोठी यादी आहे म्हणे.
सर म्हणाले, नोकरी नसली तरी यायचं.
येईन.
तो शब्द मी घरूनच आणलाय.