साडेतीन आटे

चौबाऱ्यामागच्या व्हॉल्व्हला साडेतीन आटे द्यायचे.
चौथा दिला की खालची गल्ली अंगण धुते
आणि वर टेकडीवर खाजाबी कोरडी राहते.
नळाखाली पालथं ताट ठेवून झोपते ती,
पहिला थेंब वाजला की उठते.
हे नगरपरिषदेच्या कुठल्या रजिस्टरात नाही.
माझ्यानंतरच्याला तोंडी सांगावं लागेल.

माझ्यानंतर म्हणजे एकोणीस महिन्यांनी.
अठ्ठावन्न पुरे झाले की शाल, नारळ,
आणि पाना परत केल्याची सही.

लेखा शाखेत वसीमभाईंनी कागद ओढला.
"शिवलिंगप्पा, रोजंदारीची अकरा वर्षं धरत नाहीत बगा.
कायम झालात उशिरा, जुनी पेन्शन गेली.
कपातीतून जमलं, त्याच्यावरच भागवायचं."
ती अकरा वर्षं कुणी धरली नाहीत.
त्या वर्षांचं पाणी मात्र
अख्ख्या उदगीरनं धरलं होतं,
हंड्यांनी, पिंपांनी, पोरांच्या दुधाच्या बाटल्यांनीसुद्धा.

दोनशे पानी वही आणली.
ग्रॅच्युइटी. शिल्लक रजेचे पैसे. पोस्टातली आरडी.
पतपेढीतले चाळीस हजार लिहिले, खोडले;
तिच्या शटरवर आता शिकवणीची जाहिरात आहे.
लेक पुण्याहून म्हणाला, महागाई सहा टक्के धरा.
धरली.
तेलाचा डबा पंधरा वर्षांनी किती, तेवढं काढलं
आणि पेन्सिल खाली ठेवली.

एक रकाना रिकामाच राहत होता: किती वर्षं?
बाप एकसष्टला गेला, दाढी करता करता,
अर्ध्या गालाला साबण तसाच.
आई चौऱ्याऐंशीपर्यंत होती.
मधला आकडा काढला तर साडेबाहत्तर येतो.
त्या अर्ध्या वर्षाचं काय करायचं, ते सुचेना.

"काय लिव्हलालाव सारखं?"
निलावतीनं ओले हात पदराला पुसले,
माझाच चष्मा लावला, वही वाचली,
शाळेच्या पेपरासारखी, वरपासून खालपर्यंत.
"तुमाला पंच्याहत्तर धरा. जास्तीचं देवाकडं."
मग खाली स्वतःच्या ठळक अक्षरात:
ती, ब्याऐंशी.
"मी सहा वर्षांनी ल्हान हाय तुमच्यापेक्षा.
आमच्याकडल्या बाया लवकर जात न्हाईत.
करा वजाबाकी."

तेरा.

"तेरा वर्षं मी एकटी हाय.
बीपीच्या गोळ्या, लाईटबिल,
अन् वर्सातून दोनदा सुचिताकडं जायचं गाडीभाडं.
अर्धं तिकीट हाय बायांना, तेवढं कमी धरा.
लेकापुढं हात पसरायला लावू नका."

सांगताना आवाज हलला नाही.
नळ दहा दिवसांआड आला
तर आठवा दिवस कुठल्या पिंपावर काढायचा
हे जसं सांगते, तसंच.
कोपऱ्यातलं निळं पिंप ती दहाव्या दिवशीही उघडू देत नाही.
बत्तीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं
ते कुणासाठी आहे.

रात्री तीनला पाना घेऊन निघालो.
चौबाऱ्यावरची कुत्री भुंकत नाहीत आता.
एक आटा, दोन, तीन,
आणि अर्ध्यावर हात आपोआप थांबला.
पाइपात आधी हवा बोलली, मग पाणी.
एरवी इथून सरळ पुढच्या गल्लीत जातो.
आज उभा राहिलो,
टेकडीवर ताट वाजेल म्हणून.
एवढ्या लांबून ऐकू येत नाही,
हे मला माहीत आहे.

सकाळी वहीतला चहा-भज्यांचा आकडा निम्मा केला.
तंबाखूचे तीनशे होते, त्यावर रेघ मारली.
पहिल्या गल्लीला थोडं आवळल्याशिवाय
वर काही चढत नाही.

तिनं रेघ पाहिली.
"ऱ्हातंय का बगू," म्हणाली,
आणि निळ्या पिंपावरचं झाकण
नीट होतं, तरी पुन्हा नीट केलं.