उरलेल्या पत्रिका

राजदूतचा पॉइंट किती उघडायचा
ते पुस्तकात आकड्यात दिलंय.
आकडा मोजायचं पातं मात्र
निपाणीत मिळेना.
एक दुकानदार म्हणाला, कागलला बघा.
दुसरा "इल्ल री" म्हणत
शटर अर्धं ओढून जेवायला गेला.

घरात निलव्वाच्या लग्नाच्या पत्रिका होत्या.
लगीन मोडलं, गठ्ठा माळ्यावर राहिला,
जाड, गुलाबी, काठाला सोनेरी.
एक पॉइंटात घातली.
किंचित घासत बसली,
पाहुणा दारातनं वाकून येतो तशी.

दुसरीतनं कार्बोरेटरचं पॅकिंग कापलं
आव्वाच्या पानं कातरायच्या कात्रीनं.
(कात्री बोथट झाली म्हणून शिव्या खाल्ल्या, त्या वेगळ्या.)
"शुभमुहूर्त" नेमका भोकात गेला.

टायमिंगला याहून पातळ लागतं.
बिडीच्या कट्ट्यावरचं लेबल घ्यायचं,
पॉइंटच्या दातात धरून हलकं ओढत राहायचं,
दुसऱ्या हातानं मॅग्नेट फिरवायचा,
लेबल सुटलं
की ठिणगी तिथं.

राहिले हेडचे नट.
वखारीतल्या बसलिंगअण्णानं
तंबाखू तोलायचा स्प्रिंगचा काटा दिला,
रात्रीपुरता, कुणाला न सांगता.
फूटभर पान्याच्या टोकाला आकडा अडकवायचा, ओढायचं,
साडेसहा किलोवर थांबायचं.

आव्वा सूप मांडीवर घेऊन बघत होती.
काट्याकडं नव्हे, माझ्या मनगटाकडं.
"एवढं काय तोलतोस रे?
दोरा तुटायच्या एक आधी थांबायचं, झालं."
आणि उठून पान्याला हात घातला.
तीस वर्षं हजाराच्या हिशेबानं बिड्या बांधलेली बोटं.
तीन नट तिनं आवळले.
मागनं काटा लावून बघितला,
एक सहाला, एक सातला,
एकाचं मला वाचताच आलं नाही, लाइट गेली.

चौथा मी आवळला, काट्यानं, अंधारात.
त्याचाच आटा गेला.

आता तिथनं तेल पाझरतं.
तवंदीचा घाट चढताना
उजव्या पायाच्या नडगीला ऊन वाफ लागते,
पण चढते गाडी.

निलव्वा मागं बसलेली असते,
मांडीवर कारखान्यात द्यायच्या बिड्या,
छाट किती निघंल याचा हिशेब तोंडात.
परवा वळणावर गाडी फटफटून बंद पडली.
ती उतरली, टाकीवर हात ठेवून उभी राहिली.
"पॅकिंग गेलं काय?"
"गेलं वाटतं."
"माळ्यावर किती उरल्यात?"
"असतील ऐंशी."
"मग पुरतील की," म्हणाली,
आणि पदर खोचून
किक मारायला माझ्याआधी पुढं आली.