कपाट नंबर सात

आयर्विन पुलाच्या पट्टीवर पन्नासच्या पुढचा आकडा,
मग पट्टीच बुडाली.
सहाव्या दिवशी आम्ही प्राणिशास्त्राचं दार ढकललं
तर दार आतून ढकलत होतं.
गाळ.

बरण्यांवरची लेबलं सुटून एकमेकांना चिकटलेली.
बेडकाच्या अंगावर सापाचं नाव,
फुलपाखरांच्या खोक्यात नुसत्या टाचण्या.
एकोणतीस वर्षं मी ही कपाटं पुसतोय,
कुठलं कुणाचं ते हाताला ठाऊक, तोंडाला नाही.

खालच्या फळीवर तो होता.
डावा जबडा, तीन दाढा, दगड झालेल्या.
शिवालिकच्या टेकड्यांतून कुणी पाठवलेला,
कारण आपल्याकडे असलं हाड निघत नाही.
आपला काळा कातळ उकळत आला,
त्यानं कुणाला ठेवून घेतलं नाही.

मगदूम मॅडम सांगायच्या,
अँथ्राकोथेर. डुक्कर नव्हे, डुकरासारखे.
पहिलं हाड कोळशात सापडलं म्हणून
अख्ख्या घराण्याला कोळशाचं नाव.
मागच्या बाकावरून डुरकण्याचे आवाज यायचे.
मॅडम खडू खाली ठेवायच्या:
घराणं संपलं. हसा आता.

गाळ काढायला यल्लव्वा आली होती, रोजंदारीवर.
तिची स्वतःची नऊ डुकरं.
दोन सापडली, हरिपूरच्या अंगाला,
बाभळीत अडकलेली, जिवंत.
तिनं जबडा पदरानं पुसला,
गहू पारखावा तसा दाढेवर अंगठा फिरवला.
"ह्ये आमच्यातलं न्हाई.
डुकराच्या दाढंला गाठी असत्यात.
हिला बघा, धार हाय, चंद्रकोरीगत.
पाल्यावर जगल्यालं जनावर. पाण्याकाठचं आसंल."

मी काही बोललो नाही.
दलदलीत डुंबणारं ते,
आम्ही त्याला कापसात ठेवलं, डांबरगोळ्या घातल्या,
मे महिन्यात पत्र्याखाली तापवलं.
आणि चार दिवस कृष्णा त्याच्या फळीपर्यंत आली,
वर चढली, थांबली.
दगडाला ओल आठवते का,
हे मॅडमना विचारायचं होतं.
त्या पुण्याला, लेकीकडे. फोन लागत नव्हता.

यल्लव्वा पुढच्या खोलीत गेली.
मधल्या दाढेच्या खळगीत
तिच्या अंगठ्यानं दाबलेला गाळ तसाच.
मी ब्रश उचलला. ठेवला.

नवं रजिस्टर, कागद दमट, शाई फुटते.
क्रमांक एक. जबडा, डावा.
कुळ: नामशेष.
'अवस्था' या रकान्यापाशी
बाहेर पंप बंद पडला, कुणी चालू केला, परत बंद पडला.
मग लिहिलं:
ओला.