तीन पायांचं

सप्टेंबरात मी केलेल्या स्टुलाला
पंख होते.
खरंच. बर्चच्या प्लायचे, दोन्ही बाजूंना,
शेजारी पोस्टरवर तीन परिच्छेद: उड्डाण वगैरे.
राइमोनं चष्मा कपाळावर सरकवला,
स्टुलावर कॉफीचा कप ठेवला,
स्वतः मात्र उभाच राहिला.

मग लाहतीचा हिवाळा. दुपारी तीनलाच दिवे.
तळघरात वाफेच्या पेटीतून पट्टी काढायची,
गार व्हायच्या आत साच्यात वाकवायची,
हातात जेमतेम अर्धं मिनिट.
अठ्ठावीस तडकल्या. मोजल्यात मी.
एकोणतिसावी निमूट वळली
तेव्हा बघायला कोणी नव्हतं,
वेइक्को पलीकडे पाठ करून पाव खात होता.

वर्षभरात काय शिकलीस, फॉर्मवर विचारलंय.
वही चाळते: सुरुवातीची पानं काळीभोर,
पुढे पुढे एखादीच रेघ,
मार्चमध्ये तर नुसती खोडरबराची भुकटी.

काल जिन्याखालचा बल्ब गेला.
शिपाई आह्ती आला, पुटपुटला काहीतरी,
हाताला लागलं ते ओढलं:
माझं नवं, तीन पायांचं.
एक पाय किंचित आखूड आहे, कोणाला सांगितलं नाही.
तीन पायांचं डुगडुगत नाही,
हेही इथेच कळलं.

तो चढला.
खाली न बघता.